संधिवाताची औषधं आणि लसी: कुठली आधी, कुठली नंतर, मधे किती दिवस

आईला संधिवात होऊन नऊ वर्षं झाली, म्हणजे वयाप्रमाणे गुडघे झिजतात तो नाही, रुमॅटॉइडवाला, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते. पहिली सहा वर्षं मेथोट्रेक्झेटवर निघाली, मग बोटांची सूज काही केल्या उतरेना म्हणून रिटुक्सिमॅबची सलाईन सुरू झाली. पहिल्या दोन सलाईन मे महिन्यात झाल्या आणि जूनमधे कोणीतरी म्हणालं की यांना न्यूमोनियाची लस द्या, म्हणून मी आईला घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी लस फ्रीजमधून काढायच्या आधी एकच प्रश्न विचारला, शेवटचं रिटुक्सिमॅब कधी झालं? मी म्हटलं पंधरा दिवस झाले. त्यांनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, नोव्हेंबरात या, आत्ता टोचून शरीर काही शिकणार नाही.

हीच लस एप्रिलमधे घेतली असती तर झालं असतं. तो अख्खा पावसाळा आई रात्री खोकली की आम्ही सगळे उठून बसायचो.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, तारखा तुमच्या रुमॅटॉलॉजिस्टनीच पक्क्या करायच्या, पण प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो, कारण ओपीडीत पाच मिनिटांत सूज, रिपोर्ट, गोळ्या एवढंच उरकतं आणि लसीचा विषय राहून जातो. खालचे आकडे मुख्यतः अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या सूचनांवर बेतलेले आहेत. किडनी ट्रान्सप्लांट किंवा कॅन्सरची केमो चालू असेल तर तिथले नियम वेगळे असतात, हे त्यांना लावू नका.

आधी फाईल काढा आणि औषधांची नावं लिहा

"संधिवाताच्या गोळ्या चालू आहेत" एवढं सांगून भागत नाही, कारण प्रत्येक औषधाचं गणित वेगळं आहे. एका कागदावर तीन गोष्टी लिहा: औषधाचं नाव, डोस, आणि शेवटचं कधी घेतलं ती तारीख. गोळीच्या पाकिटावर ब्रँडचं नाव मोठं असतं आणि खरं नाव खाली बारीक अक्षरात, ते बारीकवालं लिहा. वायसोलोन म्हणजे प्रेडनिसोलोन, हे स्टिरॉइड आहे, हे आमच्या घरात कितीतरी दिवस कोणाला माहीत नव्हतं.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (लोक एचसीक्यू म्हणतात) आणि सल्फासालाझिन ही दोन असतील तर त्यांच्यासाठी मेलेल्या लसीच्या (म्हणजे काय ते पुढे येतंच) तारखा मागेपुढे करायची गरज नसते. मेथोट्रेक्झेट, लेफ्लुनोमाइड, ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, टोफासिटिनिब, अडालिमुमॅब किंवा एटानरसेप्टसारखी बायोलॉजिक (म्हणजे प्रतिकारशक्तीचा एखादाच भाग नेमका अडवणारी) इंजेक्शनं, रिटुक्सिमॅब, आणि स्टिरॉइड, यातलं काहीही असेल तर पुढचं नीट वाचा.

लस जिवंत आहे की मेलेली, हे विचारा

हा प्रश्न केमिस्टलाही विचारा आणि टोचणाऱ्यालाही. मेलेली म्हणजे जंतू मारून टाकलेला असतो किंवा त्याचा नुसता एखादा तुकडा असतो, त्यातून आजार होऊच शकत नाही. औषध चालू असताना ती घेतली तर फार तर असर कमी होतो, अपाय होत नाही. जिवंत लसीत मात्र अशक्त केलेला पण जिवंत जंतू असतो, तो धडधाकट माणसात गपगुमान धडा शिकवून जातो पण दाबलेल्या प्रतिकारशक्तीत वाढू शकतो.

जिवंत म्हणजे: गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर, कांजण्यांची, यलो फिव्हरची, पोलिओचे तोंडातले थेंब, बीसीजी, रोटाव्हायरसचे थेंब, विषमज्वराची तोंडाने घ्यायची कॅप्सूल, आणि फ्लूची नाकात मारायची लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०१० मधे स्वाइन फ्लूची नाकातली लस आणली होती, ती जिवंतच होती. मेलेल्यांत येतात फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनियाच्या सगळ्या लसी, हिपॅटायटिस बी, धनुर्वात-घटसर्प, विषमज्वराचं इंजेक्शन, एचपीव्ही, रेबीज आणि नागिणीची नवी लस शिंग्रिक्स.

एक जागा फसवी आहे. हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ, तिची आपल्याकडे जिवंत लसही मिळते आणि मेलेलीही, दोन्ही इंजेक्शनच. नुसतं "काविळीची लस द्या" म्हणाल तर कुठली हातात येईल सांगता येत नाही. खोक्यावर वाचा, मेलेलीच मागा.

औषध सुरू व्हायच्या आधीचे दिवस, हेच सगळ्यात मोलाचे

डॉक्टर म्हणाले "पुढच्या भेटीला मेथोट्रेक्झेट सुरू करू" किंवा "आता बायोलॉजिककडे जाऊया", की त्याच क्षणी विचारायचं: त्याआधी कुठल्या लसी घेऊ? बायोलॉजिक सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी, एक्सरे, हिपॅटायटिसच्या तपासण्या आणि इन्शुरन्सची मंजुरी यात बरेचदा दोनतीन आठवडे जातातच, तेच दिवस लसीला वापरायचे.

मेलेली लस औषधाच्या किमान २ आठवडे आधी, जिवंत लस किमान ४ आठवडे आधी, हा ठोकताळा. पण सांधे आग ओकत असतील तर लसीसाठी औषध लांबवायचं नाही. भडकलेला संधिवात सांधे कायमचे वाकडे करतो आणि तेवढ्यात स्टिरॉइडचा डोस वाढवावा लागला तर सगळंच उलटं होतं. अशा वेळी आधी औषध, लस नंतर थोड्या कमी असरानं का होईना घेता येते.

या दिवसांत करायच्या गोष्टींत माझ्या मते पहिली म्हणजे कांजण्यांची चौकशी. लहानपणी झाल्या होत्या का, आईला विचारा, मावशीला विचारा, नक्की कोणी सांगू शकलं नाही तर रक्तात अँटिबॉडी बघता येतात. आपल्यासारख्या उष्ण हवेच्या देशांत कांजण्या बऱ्याच जणांना मोठेपणी होतात, त्यामुळे "या वयात झाल्याच असतील" असं धरून चालू नका. झाल्या नसतील आणि लस घ्यायची तर ती आत्ताच, औषध सुरू झालं की दार बंद.

दुसरी, हिपॅटायटिस बी. रिटुक्सिमॅबच्या आधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन्ही तपासण्या व्हायलाच हव्यात, कारण शरीरात झोपलेला जुना विषाणू या औषधानं उठून बसतो आणि लिव्हर निकामी करू शकतो. तपासण्या निगेटिव्ह आल्या तर लस ०, १ आणि ६ महिन्यांनी. सगळे डोस आधी बसणार नाहीत हे उघड आहे, पण जेवढे बसतील तेवढे बसवा. शेवटच्या डोसनंतर एकदोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा, १० च्या वर आली की लस लागू पडली.

आणि टीबीची मांटू किंवा रक्ताची चाचणी जिवंत लसीच्या आधी नाहीतर त्याच दिवशी करून घ्या. लस झाल्यावर लगेच केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते, मग किमान ४ आठवडे थांबावं लागतं.

मेथोट्रेक्झेट चालूच असेल तर

इथे लोकांचा फार गोंधळ होतो. कोणी म्हणतं दोन आठवडे बंद ठेवा, कोणी म्हणतं अजिबात बंद करू नका, आणि दोघंही अर्धे बरोबर असतात. फ्लूच्या इंजेक्शननंतर २ आठवडे मेथोट्रेक्झेट थांबवावं, पण आजार शांत असेल तरच. बाकीच्या मेलेल्या लसींसाठी, म्हणजे न्यूमोनिया, नागीण, हिपॅटायटिस बी वगैरे, गोळी चालूच ठेवायची.

फ्लूचा वेगळा नियम आला कोरियातल्या अभ्यासांवरून. तिथे लसीनंतर २ आठवडे गोळी थांबवलेल्यांपैकी साधारण ७५ टक्के लोकांना समाधानकारक प्रतिसाद आला, न थांबवलेल्यांपैकी साधारण ५५ टक्क्यांना. गोळी लसीच्या नंतर थांबवायची, आधी नाही, हे उलटं करणारे मी पाहिलेत.

आता प्रत्यक्षात कसं करायचं. समजा गोळी रविवारची आहे. लस शनिवारी घ्या. दुसऱ्या दिवशीचा रविवार सुटला, पुढचा रविवार सुटला, तिसऱ्या रविवारी नेहमीचा डोस परत सुरू. फक्त दोनच डोस सुटतात. आणि हे अगदी मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावा: सुटलेल्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत, दोन रविवारच्या एकदम घ्यायच्या नाहीत, आणि मेथोट्रेक्झेट रोज कधीच घ्यायचं नाही. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. वेळापत्रक हललं की अशी चूक व्हायला वाव मिळतो, म्हणून ते दोन आठवडे गोळ्यांचा डबा घरातल्या एकाच माणसानं सांभाळावा.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. आईच्या बाबतीत पहिल्या वर्षी डॉक्टर नको म्हणाले, कारण मनगटं सुजलेली होती, तेव्हा गोळी चालू ठेवूनच फ्लूची लस घेतली आणि तेही बरोबरच होतं. लस घेणं महत्त्वाचं, गोळी थांबवणं हे त्यावरचं ज्यादाचं.

स्टिरॉइड

प्रेडनिसोलोन रोज १० मिलिग्रॅम किंवा कमी असेल तर मेलेल्या लसी बिनधास्त. १० च्या वर पण २० च्या खाली असेल तरी घ्यायच्याच. २० किंवा जास्त असेल तर फ्लूची घ्या, बाकीच्या डोस २० च्या खाली आला की. जिवंत लसीचा हिशोब कडक आहे, स्टिरॉइड बंद होऊन ४ आठवडे जावे लागतात.

लसीसाठी म्हणून स्टिरॉइड आपल्या मनानं एका दिवसात बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडलं की बीपी पडतं, उलट्या होतात, माणूस आयसीयूत जाऊ शकतो, कारण शरीरानं स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं.

रिटुक्सिमॅब: इथे तारीख चुकली की सहा महिने गेले

हे औषध बी पेशींना संपवतं, आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी त्यांच्यापासूनच तयार होतात. म्हणजे मेथोट्रेक्झेट शिक्षकाचा आवाज बारीक करतं, रिटुक्सिमॅब वर्गातली मुलंच घरी पाठवतं. ती परत यायला सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. जुन्या लसींच्या अँटिबॉडी बऱ्याचशा टिकून राहतात, नवीन धडा मात्र शिकला जात नाही.

नेहमीची पद्धत अशी असते की १५ दिवसांच्या अंतरानं दोन सलाईन आणि मग साधारण सहा महिन्यांनी पुन्हा. लस घ्यायची ती या चक्राच्या शेवटी, पुढची सलाईन ड्यू झाली की, आणि लस घेतल्यावर सलाईन किमान २ आठवडे पुढे ढकलायची. आमचं उदाहरण देते. आईच्या सलाईन मेच्या सुरुवातीला आणि मधे झाल्या, पुढची ड्यू नोव्हेंबरच्या सुरुवातीला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्यूमोनियाची लस घेतली आणि सलाईन महिनाअखेर लागली. ते तीन आठवडे आईचे हात थोडे दुखले, शेकून आणि पॅरासिटामॉलवर निभावलं.

नागिणीच्या लसीचे दोन डोस असतात, म्हणून तिचं जरा आधीपासून आखावं लागतं. प्रतिकारशक्ती दबलेल्यांना दुसरा डोस एकदोन महिन्यांनीच देता येतो, म्हणजे पहिला पाचव्या महिन्याच्या सुमाराला, दुसरा सहाव्याच्या, आणि मग २ ते ४ आठवडे थांबून सलाईन. शिंग्रिक्स भारतात २०२३ पासून मिळते, महाग आहे, दोन डोसचे पैसे आधीच बाजूला ठेवा म्हणजे दुसरा डोस पैशापायी लांबत नाही.

फ्लूला हा नियम नाही! फ्लूची लस चक्रात कुठेही असाल तरी सीझन आला की घ्यायची, थोडा असर झाला तरी तो हवा, फ्लू काही आपल्या सलाईनची तारीख बघून येत नाही.

बाकीची बायोलॉजिक आणि टोफा

अडालिमुमॅब, एटानरसेप्ट, टोसिलिझुमॅब, टोफासिटिनिब (यालाच टोफा म्हणतात) यांवर असाल तर मेलेल्या लसींसाठी औषध थांबवत नाहीत. टोफावाल्यांनी मात्र नागिणीची लस गांभीर्यानं घ्या, या गटातल्या गोळ्यांनी नागीण व्हायचं प्रमाण वाढतं हे पक्कं माहीत आहे, आणि जमलं तर गोळी सुरू व्हायच्या आधीच पहिला डोस टाका.

जिवंत लस द्यायचीच ठरली तर औषध किती आधी थांबवायचं ते असं: मेथोट्रेक्झेट, लेफ्लुनोमाइड, ॲझाथायोप्रिन ४ आठवडे, टोफा १ आठवडा, अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं एक पूर्ण डोसचं अंतर, रिटुक्सिमॅब ६ महिने. आणि लसीनंतर सगळीच ४ आठवडे बंद. एवढे दिवस औषधाशिवाय काढणं बहुतेकांना झेपत नाही, म्हणून जिवंत लस आधीच उरकायची यावर मी इतका जोर देतेय.

यातूनच यलो फिव्हरचा प्रश्न येतो. केनियाची सफारी हल्ली आपल्याकडचे बरेच जण करतात आणि बुकिंग झाल्यावर कळतं की ही लस लागते, ती जिवंत आहे. तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांशी बोला. वैद्यकीय कारणानं सूट मिळाल्याचं पत्र मिळतं, पण पत्रानं डास चावायचा थांबत नाही, आणि परत येताना भारतात लसीचं सर्टिफिकेट नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. मी तरी दुसरी जागा निवडेन.

वर्षाचं कॅलेंडर

महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, जुलै ते सप्टेंबर. ऑगस्ट २००९ मधे स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हाचे तोंडाला रुमाल बांधलेले रस्ते अनेकांना आठवत असतील. म्हणून फ्लूची लस एप्रिल-मे मधे, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात. केमिस्टला "सदर्न हेमिस्फिअरची, या वर्षीची" असं म्हणून मागा, कारण डब्लूएचओ वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळे, लसीतले स्ट्रेन म्हणजे विषाणूचे प्रकार ठरवतं आणि मागच्या सीझनचा माल कधीकधी फ्रीजमधे पडून असतो. वारीला जाणारे असाल तर प्रस्थानाच्या किमान २ आठवडे आधी, अंगात ताकद यायला तेवढा वेळ लागतो.

न्यूमोनियाचं एकदाच नीट करून टाकायचं. लसीच्या नावातला आकडा म्हणजे ती जंतूच्या किती प्रकारांवर चालते ते. १३ ची घेतली तर किमान ८ आठवड्यांनी २३ ची, याच क्रमानं. २० ची मिळाली तर ती एकटी पुरते. मुलींना किंवा तरुण पेशंटना एचपीव्ही द्यायची असेल तर वय कमी असलं तरी ३ डोस, दोन नाहीत.

घरातल्या माणसांचं काय

पेशंटला लस कमी लागू पडते, मग भोवतालच्यांनी पुरी घ्यायची. घरातल्या सगळ्यांना दरवर्षी फ्लूची. एमएमआर, कांजण्यांची लस घरातल्या मुलांना द्यायला हरकत नाही, फक्त कांजण्यांच्या लसीनंतर मुलाच्या अंगावर पुरळ उठली तर ती जाईपर्यंत आजीपासून लांब.

पोलिओच्या थेंबांचं जरा नाजूक आहे. थेंबांतला विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो, म्हणून घरात प्रतिकारशक्ती दबलेलं माणूस असेल तर बाळाच्या डॉक्टरांना सांगून इंजेक्शनवाल्या पोलिओ लसीबद्दल विचारा. थेंब दिलेच असतील किंवा रोटाव्हायरसची लस झाली असेल तर महिनाभर आजीनं लंगोट, डायपर बदलायचे नाहीत, आणि बाळाला घेतल्यावर साबणानं हात. आईला हे पटवायला मला दोन दिवस लागले, नातवाचं करायचं नाही म्हणजे काय गं, म्हणाली.

आणि गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात आईनं अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं घेतली असतील तर बाळाला जन्मल्याजन्मल्या बीसीजी द्यायची नाही, निदान ६ महिने थांबायचं, कारण औषध नाळेतून बाळात गेलेलं असतं. आपल्याकडे बीसीजी प्रसूतिगृहातच सवयीनं टोचतात, तेव्हा हे बाळंतपणाच्या आधीच प्रसूतीच्या आणि बाळाच्या, दोन्ही डॉक्टरांना लिहून द्या. तोंडी सांगितलेलं रात्रपाळीच्या नर्सपर्यंत पोचत नाही.

कुत्रं चावलं तर कुठलंही कॅलेंडर बघायचं नाही

जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू, काल रिटुक्सिमॅब झालेलं असलं तरी. जाताना फाईल न्या आणि स्पष्ट सांगा की प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे, कारण अशा पेशंटना साध्या ओरखड्यालाही, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या जखमेलाही, लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं असतं. डोस सगळे पुरे करायचे. तसंच धनुर्वाताचं, आणि कांजण्या झालेल्या माणसाच्या जवळ गेलात तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, पुरळ उठायची वाट बघू नका.

लसीच्या दिवशी

ताप असेल तर पुढे ढकला, नुसती सर्दी असेल तर नको ढकलू. लस शक्यतो जिथे टोचणार तिथल्याच फ्रीजमधली घ्या, ती २ ते ८ अंशात राहायला लागते, आणि केमिस्टकडून आणायचीच असेल तर बर्फाच्या पिशवीत पण बर्फाला चिकटून नाही, गोठलेली लस बाद. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, टोचल्यावर दोन मिनिटं नुसतं दाबून धरायचं, चोळायचं नाही. अर्धा तास तिथेच बसा. खोक्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर फाईलमधे चिकटवून घ्या आणि शेजारी तारीख, आणि त्याच ओळीत शेवटच्या सलाईनची किंवा गोळीची तारीखही लिहा.

दंड दुखणं, कणकण, एकदोन दिवस सांधे जास्त धरणं हे होतं. तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच असेल किंवा ताप १०१ च्या वर राहिला तर फोन करा.

आईची पुढची सलाईन मेमधे आहे. फ्लूचं इंजेक्शन एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, मेथोट्रेक्झेटचे दोन रविवार सोडायचे की नाही ते डॉक्टर मार्चच्या भेटीत हातांची सूज बघून सांगतील.